तुम्ही विचारलंत म्हणून: संघटना थकलेलं बिल काढून का देत नाही?

"वर्गणी घेता, प्रदर्शन भरवता, रस्त्यासाठी निवेदनं देता. मग सहा महिने अडकलेलं आमचं बिल तेवढं का निघत नाही?" छोट्या कारखानदारांच्या संघटनेत काम करणाऱ्याला हा प्रश्न इतक्या वेळा ऐकावा लागतो की एकदा नीट उत्तर लिहून ठेवलेलं बरं.

संघटनेला वसुलीचा अधिकार नाही. थकलेल्या बिलाचा निवाडा करायचा अधिकार 2006च्या एमएसएमईडी कायद्याने (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा कायदा) फॅसिलिटेशन कौन्सिलला, म्हणजे अशा तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी मंडळाला दिलाय. कायदा तुमच्या बाजूचा आहे. लेखी मुदत ठरली असेल तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या पुढे जाता येत नाही, लेखी काहीच नसेल तर 15 दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बँक दर 6 टक्के धरला, तर तीन लाखांवर सहा महिन्यांत 28 हजारांच्या आसपास व्याज होतं. कौन्सिलच्या निकालाला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते.

हे सगळं तुम्हाला ऐकवायला सोपं आहे. पण हा कायदा कागदावर चालतो, आणि कागद तुमच्याकडे नसतो. असं म्हटलं की सभासद चिडतात. म्हणून ज्या प्रकरणाचा दाखला नेहमी आमच्या तोंडावर फेकला जातो, तेच सांगतो.

माल देणारा आणि घेणारा, दोघेही आमचेच सभासद. एकाचं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट, दुसऱ्याचा मोठा कारखाना. ब्रॅकेटची तीन बिलं थकली होती, करासकट 1,40,000, 1,10,000 आणि 86,000. पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, 90 दिवसांची मुदत छापलेली होती. ती अडचण नव्हती, कारण कायद्यापुढे 45च्या वरची मुदत टिकत नाही. अडचण उद्यमच्या, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीत निघाली. पहिली दोन बिलं झाल्यावर तीन आठवड्यांनी ती घेतलेली. नोंदणीआधीच्या मालाला या कायद्याचा लाभ नाही, असं सर्वोच्च न्यायालयाचे 2021 आणि 2022चे निकाल सांगतात. जानेवारी 2025मध्ये हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला, पण आमचं प्रकरण त्याच्या आधीचं. अडीच लाख एका तारखेमुळे बाहेर पडले. पॅन आणि आधारवर फुकट होणारी ती नोंदणी, अर्ध्या तासाचं काम.

उरलं 86,000चं बिल. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो स्वीकारला असं कायदा धरतो. इथे हरकत आली चार महिन्यांनी, तीही फोनवर: "भोकं दीड मिलिमीटर सरकलीत." म्हणजे बाजू भक्कम, फक्त माल पोचल्याची तारीख दाखवायची होती. मालासोबतच्या चलनावर गेटचा शिक्का होता, शिक्क्यात तारीख नव्हती. मोठ्या दोन बिलांना ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन दाखला, निघालं होतं. पण महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखापर्यंतच्या मालाला ते लागत नाही, म्हणून नेमकं याच बिलाला नव्हतं. शेवटी टेम्पोवाल्याच्या पावतीपुस्तकात तारीख सापडली.

आता आमची चूक. ती तारीख सापडल्यावर त्याच आठवड्यात कौन्सिलकडे अर्ज ऑनलाइन भरायला हवा होता. त्याऐवजी चार महिने "घरातलं घरात मिटवू" चाललं, आणि असं म्हणणाऱ्यांत मीही होतो. त्या मोठ्या कारखान्यावर तेरा सभासदांचं काम चालतं, तो दुखावला तर तेरा जणांच्या पोटावर पाय येईल, असा मुद्दा होता. त्याचेही पैसे त्याच्या गिऱ्हाइकाकडे 120 दिवस अडकले होते. यातलं काहीच खोटं नव्हतं. तरी अखेर 3,36,000 पैकी 1,86,000 हाती आले, व्याज शून्य, बाकी रक्कम 'रिजेक्शन'मध्ये, म्हणजे नाकारलेल्या मालाच्या नावावर गेली. तोवर फॅब्रिकेशनवाल्याने दोन वेल्डर कमी केले होते. ते वेल्डर आता दुसऱ्या तालुक्यात काम करतात. संघटना गावाचं अर्थकारण बळकट करते असं आम्ही अहवालात छापतो, त्या वर्षीही छापलं.

त्यानंतर रीत बदलली. नव्या सभासदाचा अर्ज घेतानाच उद्यमचा क्रमांक आणि तारीख बघतो. प्रत्येक बिलावर तो क्रमांक आणि '45 दिवस' छापायला लावतो. चलनावर तारीख, सही आणि घेणाऱ्याचं नाव असल्याशिवाय टेम्पो परत फिरवू नका, असं सांगतो. दर तिमाहीला खातेउतारा पाठवून समोरच्याची लेखी कबुली घ्यायची. एक गोष्ट वारंवार सांगूनही राहून जाते: निव्वळ व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण ती कर्जापुरती, थकलेल्या बिलासाठी नाही. दुकानदार सभासद यावर रागावतात, आणि त्यांचा राग रास्त आहे.

सगळ्यात उपयोगी पडली ती आपसातली जुळवणी. तिमाहीच्या बैठकीत कोणाचं कोणाकडे किती, ते एका तक्त्यावर मांडतो. समजा पहिल्याने दुसऱ्याला एक लाख द्यायचेत, दुसऱ्याने तिसऱ्याला 80 हजार, तिसऱ्याने पहिल्याला 60 हजार. तिघांच्या खात्यांतून 60-60 हजार वळते केले की पहिल्याचं देणं 40 हजार, दुसऱ्याचं 20 हजार, तिसरा मोकळा. बँकेतून एक रुपया हललेला नसतो. मात्र बिल क्रमांक आणि तारखेसह तिघांचं संमतीपत्र हवंच. ते नसेल तर सीए खात्यात नोंद घेणार नाही, आणि वर्षभराने तिघंही तीन वेगळे आकडे सांगतील. ही जुळवणी अडते ती एकाच कारणाने: येणी सगळे सांगतात, देणी कोणी सांगत नाही.

कायदा कडक केला की सुटेल, असं मला पूर्वी वाटायचं. 1 एप्रिल 2024पासून आयकराचं 43बी(एच) लागू झालं: सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचं बिल मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. मार्चमध्ये पैसे सुटायला लागले, हे खरं. पण काही खरेदीदारांनी "उद्यम रद्द करा, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे" असं सांगितलं, आणि आमच्यातल्या काहींनी ती रद्दही केली. त्यांना दोष देववत नाही.

तुमचं बिल अडकलं असेल तर कागद घेऊन या, अर्ज आम्ही बसून भरून देतो. पण अर्जावर सही तुमचीच लागते, आणि दहातले बरेच जण तिथेच थांबतात. मुदत चुकवणाऱ्या सभासदाचं नाव तक्रारीची वाट न बघता तक्त्यावर लिहायचं, असा ठराव दोनदा आला आणि दोनदा पुढे ढकलला गेला. येत्या सभेत तो तिसऱ्यांदा येतोय. मी बाजूने मत देणार आहे. ते बरोबर ठरेलच, असं मात्र मला छातीठोकपणे सांगता येत नाही.