अप ॲरो दाबला की मागची ओळ यायला हवी

तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांसाठी लिहिलेला एक जुना प्रोग्राम देखभालीसाठी माझ्याकडे आला. मी महाप्याच्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमची बरीच गिऱ्हाइकं वाशीच्या मार्केटातली. प्रोग्राम सी भाषेतला, लिनक्सवर चालणारा. काळ्या पडद्यावर एक प्रॉम्प्ट, त्यापुढे मेहताजींनी ओळ टाइप करायची: ‘आवक देवगड हापूस ६० पेटी चेंबर ३’. एंटर मारला की नोंद झाली. माउसचा प्रश्नच नाही, आणि हे कोणी बदलूही देणार नाही. दारात टेम्पो उभा, हमाल घाई करतायत, अशा वेळी हात कीबोर्डवरून उचलायला कोणालाच सवड नसते.

तक्रार एकच होती. ६० च्या जागी ६०० पडलं आणि ओळीच्या शेवटी पोचल्यावर लक्षात आलं, तर मागे जाता येत नाही. डावा ॲरो दाबला की पडद्यावर ^[[डी उमटतं, वरचा दाबला की ^[[ए. मग एकेक अक्षर पुसत मागे या, नाहीतर तसाच एंटर मारा आणि नंतर ‘रद्द’ची नोंद टाका. आंब्याच्या हंगामात या रद्दच्या नोंदींनीच अर्धा अहवाल भरायचा. वर प्रत्येक नोंदीला जवळजवळ तीच ओळ पुन्हा लिहायची. मागची ओळ आणून त्यात आकडा बदलायची सोय नव्हती. एक मेहताजी मला म्हणाले, “मॅडम, माझ्या घरच्या विंडोजवर त्या काळ्या खिडकीत वरचा बाण चालतो. तुमचंच मशीन खराब आहे.”

त्यांचं अर्धं म्हणणं बरोबर होतं. विंडोजवर ती कन्सोलची खिडकी स्वतःच मागच्या ओळी लक्षात ठेवते, त्यामुळे कुठल्याही साध्या प्रोग्रामला हिस्टरी फुकटात मिळते. लिनक्सवर तसं नाही. ऑफिसातल्या एका सिनिअरांनी सुचवलं, “अगं, टर्मिनल बदलून बघ ना.” टर्मिनल म्हणजे लिनक्सवरची ती काळी खिडकी. तेही करून पाहिलं. टर्मिनल कुठलंही घेतलं तरी ^[[ए तसंच.

म्हणून आधी हे समजून घ्यायला बसले, की टाइप होत असलेली ओळ त्या वेळी नक्की कोणाच्या ताब्यात असते. प्रोग्रामने ‘एक ओळ दे’ असं म्हटलं की ती ओळ कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, टीटीवाय ड्रायव्हरकडे साठत जाते. टर्मिनल सांभाळणारा भाग तो हाच. एंटर दाबेपर्यंत प्रोग्रामला त्यातलं एक अक्षरही दिसत नाही. याला कॅनॉनिकल मोड म्हणतात. आता या ड्रायव्हरला दुरुस्ती म्हणून काय येतं? बॅकस्पेसने शेवटचं अक्षर, कंट्रोल-डब्ल्यूने शेवटचा शब्द, कंट्रोल-यूने सगळी ओळ. ओळीच्या मध्ये शिरता येतं, हे त्याच्या गावीही नाही. ही सगळी व्यवस्था कागदावर छापणाऱ्या टेलिटाइपच्या काळातली. तेव्हाच्या युनिक्सवर अक्षर खोडायला # आणि पूर्ण ओळ खोडायला @ टाइप करत, कारण छापून झालेलं पुसणार कसं? ॲरोची कळ म्हणजे या ड्रायव्हरच्या लेखी एस्केप, चौकटी कंस आणि एक अक्षर असे तीन बाइट. तो ते इमानेइतबारे ओळीत भरतो आणि पुढे पाठवतो. आमच्या डेटाबेसमध्ये मालाच्या नावात असे एस्केप बाइट घुसून बसलेले सापडले, तेव्हा काही अहवाल छापताना पानं का बिघडतात त्याचाही उलगडा झाला.

बॅशमध्ये, म्हणजे लिनक्सवर कमांड घेणाऱ्या नेहमीच्या प्रोग्राममध्ये, ॲरो चालतात, कारण बॅश ड्रायव्हरच्या भरवशावर राहतच नाही. तो कॅनॉनिकल मोड बंद करतो, प्रत्येक कळ स्वतः घेतो आणि ओळ स्वतः रंगवतो. हे काम करणारी लायब्ररी म्हणजे ग्नू रीडलाइन. ती मूळ ब्रायन फॉक्स यांनी लिहिली, पुढे चेट रॅमी सांभाळतात. थोडक्यात दोनच रस्ते उरतात. एकतर प्रोग्राममध्ये अशी लायब्ररी बसवा, नाहीतर प्रोग्रामला हात न लावता ते काम बाहेरून कोणाकडून तरी करून घ्या.

मी बाहेरच्या रस्त्याने सुरुवात केली. हान्स लुब यांचा आरएलरॅप नावाचा प्रोग्राम आहे. ओरॅकलचे डेटाबेस सांभाळणारे लोक लिनक्सवर एसक्यूएलप्लस या ओरॅकलच्या कमांड घेणाऱ्या प्रोग्रामच्या आधी ‘आरएलरॅप’ हा शब्द लावून ठेवतात, तोच हा. वापरायचा कसा, तर आपल्या कमांडच्या आधी त्याचं नाव लिहायचं, बस. तो मूळ प्रोग्रामला एका नकली टर्मिनलवर बसवतो आणि स्वतः खऱ्या टर्मिनलवर बसतो. कळा तो घेतो, रीडलाइन वापरून ओळ तयार करतो आणि एंटर झाल्यावर पूर्ण ओळ आत सरकवतो. आतल्या प्रोग्रामला कळतही नाही की मध्ये कोणी आहे.

त्याचा समजूतदारपणा मला फार आवडला. आतल्या प्रोग्रामने टर्मिनल कोणत्या मोडमध्ये ठेवलंय यावर तो लक्ष ठेवून असतो. आतून व्हीआय हा एडिटर उघडला, म्हणजे कॅनॉनिकल मोड बंद झाला, की हा गुपचूप बाजूला होतो आणि कळा जशाच्या तशा जाऊ देतो. पासवर्ड विचारताना प्रोग्राम एको, म्हणजे टाइप केलेलं पडद्यावर दाखवणं, बंद करतो, तेव्हा टाइप केलेलं तो हिस्टरीत ठेवत नाही. मात्र कोणी कमांडच्या ओळीतच पासवर्ड लिहिला, तर तो साध्या मजकुरासारखा फाइलमध्ये जातो. ते ओळखणं त्याच्या हातात नाही. म्हणून हिस्टरीच्या फाइलला सीएचमॉड ६०० करायला विसरू नका, म्हणजे ती दुसऱ्या कोणाला वाचता येणार नाही. या फाइलचं नाव प्रोग्रामच्या नावावरून पडतं आणि ती होम डिरेक्टरीत असते. मूळ मर्यादा ३०० ओळींची आहे, ती मी वाढवून घेतली.

आणखी एक सोय. होम डिरेक्टरीतल्या इनपुटआरसी या रीडलाइनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये वरचा ॲरो ‘हिस्टरी-सर्च-बॅकवर्ड’ला जोडला, की ‘आवक देव’ एवढं लिहून वरचा बाण दाबला तर देवगडच्याच मागच्या ओळी येतात. ओळ आली, आकड्यापर्यंत गेलं, ६० चे ४५ केले, एंटर. मेहताजींना हिस्टरीत शोधायचं कंट्रोल-आर शिकवायच्या फंदात मी पडलेच नाही.

बहुतेकांचं काम इथेच संपेल, आणि संपलेलं बरं. माझं दोन कारणांनी संपलं नाही. एक म्हणजे देवनागरी.

अक्षरं बाइटमध्ये साठवायची नेहमीची पद्धत यूटीएफ-८, तिच्यात ‘क’ तीन बाइटचा. टीटीवाय ड्रायव्हरला ‘आययूटीएफ८’ हा झेंडा (फ्लॅग) लावलेला नसेल, तर बॅकस्पेस एका वेळी एकच बाइट खातो. पडद्यावर अक्षर गेल्यासारखं दिसतं, आत दोन बाइटचा तुकडा शिल्लक. आमच्या जुन्या नोंदींत चौकटीतली प्रश्नचिन्हं दिसत होती त्याचं मूळ हेच. घरच्या मशीनवर हा झेंडा बहुधा लागलेलाच असतो. गोदामातून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून, सर्व्हरवर आलं की तो पलीकडे पोचतोच असं नाही. ओपनएसएसएचमध्ये ही सोय २०१६ साली ७.३ आवृत्तीत आली, आणि काही गोदामांतली मशीनं त्याहून जुनी. ‘एसटीटीवाय आययूटीएफ८’ ही ओळ लॉगिन स्क्रिप्टमध्ये घातल्यावर ती भानगड मिटली. रीडलाइन वापरत असाल तर ओळ ती स्वतः सांभाळते, पण तिला लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरांची सेटिंग, बरोबर मिळायला हवं. सर्व्हरवर ते ठरवणाऱ्या लँगची किंमत नुसती ‘सी’ होती. ती यूटीएफ-८ वाली केल्यावरच बॅकस्पेसने अख्खं अक्षर जायला लागलं.

तरी जोडाक्षरांचं दुखणं पूर्ण बरं होत नाही. कुठल्या चिन्हाने किती जागा घेतली हे रीडलाइन सी लायब्ररीच्या तक्त्यावरून ठरवते, आणि टर्मिनल ‘क्ष’ किंवा ‘र्डी’ तेवढ्याच जागेत काढेल याची खात्री नाही. मग कर्सर एका घराने पुढे-मागे दिसतो. पडदा पुन्हा रंगवायला कंट्रोल-एल मारलं तरी तो तिथेच. वेगवेगळी टर्मिनल लावून बघितली आणि ज्यात सगळ्यात कमी घोळ होता ते सगळीकडे बसवलं. याहून चांगला उपाय मला मिळाला नाही.

दुसरं कारण टॅबचं. आरएलरॅपला शब्दांची फाइल देता येते. टॅब दाबला की तो त्यातून शब्द पूर्ण करतो. गावांची आणि मालाची नावं अशी दिली, झकास चाललं. पण चेंबर ३ मध्ये आत्ता कोणते लॉट शिल्लक आहेत हे दर तासाला बदलतं, आणि ते फक्त आतल्या प्रोग्रामला माहीत. जावक लिहिताना टॅबवर नेमके तेच लॉट यायला हवे होते. बाहेर बसलेल्याला हे जमणार नाही. माझ्या मते प्रोग्रामच्या आत हात घालायचं एवढं एकच सबळ कारण असतं.

आता लायब्ररी कोणती? इथे कोडपेक्षा लायसन्सने जास्त डोकं खाल्लं. रीडलाइन जीपीएल या मुक्त लायसन्सखाली आहे, २००९ च्या ६.० पासून तिसऱ्या आवृत्तीखाली. आपल्याच ऑफिसात वापरायचं असेल तर प्रश्न नाही. पण आम्ही बनवलेला प्रोग्राम गिऱ्हाइकाला देतो. रीडलाइन जोडून दिला, तर आमचं कोडही जीपीएलखाली, म्हणजे गिऱ्हाइकाला उघडं करून, द्यावं लागलं असतं. हे काही कागदोपत्री भय नाही. सीलिस्प नावाची लिस्प भाषेची अंमलबजावणी याच रीडलाइनच्या वादातून जीपीएलखाली गेली. मालकांना विचारलं, ते नको म्हणाले.

दुसरा पर्याय लाइननॉइज. रेडिस हा डेटाबेस लिहिणाऱ्या साल्व्हातोरे सान्फिलिप्पो यांची, हजारएक ओळींची, बीएसडी लायसन्सची, ज्यात आपलं कोड उघडं करायची अट नाही. वाचून काढायला मजा आली. पण मी पाहिलेली आवृत्ती एक बाइट म्हणजे एक अक्षर असं धरून चालायची. देवनागरीसाठी बादच.

म्हणून लिबएडिट घेतली. ही बीएसडी युनिक्सच्या घराण्यातली, नेटबीएसडीत वाढलेली. तिच्यात रीडलाइनसारखीच फंक्शनं देणारी हेडर फाइल आहे, त्यामुळे कोड रीडलाइनच्या नावांनीच लिहिता येतो. मात्र ती इनपुटआरसी वाचत नाही, तिची एडिटआरसी वेगळी आणि भाषाही वेगळी. हिस्टरीच्या फाइलमध्ये ती स्पेसच्या जागी \०४० असं लिहिते. त्यात ग्रेप या शोधायच्या कमांडने काही शोधायचं म्हणजे वैताग.

जुन्या कोडमध्ये ओळ वाचायला सी भाषेतलं एफगेट्स होतं, त्या जागी ‘रीडलाइन’ फंक्शन आलं. प्रॉम्प्ट त्यालाच द्यायचा, आपण आधी छापायचा नाही, नाहीतर ॲरो दाबल्यावर प्रॉम्प्ट खाल्ला जातो. एफगेट्स ओळीच्या शेवटचा न्यूलाइन (एंटरचं चिन्ह) ठेवतं, ‘रीडलाइन’ तो काढून टाकतं. ओळ फोडून वाचणारा आमचा जुना पार्सर तो न्यूलाइन शोधायचा आणि न सापडल्यास ‘ओळ अपुरी’ म्हणायचा, तेवढी अट उडवली. मिळालेली ओळ वापरून झाली की तिची मेमरी फ्री करायची, आणि कंट्रोल-डी दाबल्यावर ओळीऐवजी येणारा नल तपासायचा. ओळ रिकामी नसेल आणि आधीचीच नसेल तरच ‘ॲड हिस्टरी’.

सगळ्यात महत्त्वाची ओळ मात्र वेगळीच. रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, हाच प्रोग्राम एका फाइलमधल्या कमांड पाइपने घेतो आणि त्याचा आउटपुट दुसरी स्क्रिप्ट वाचते. तिथे संपादन, प्रॉम्प्ट असलं काहीही नको. म्हणून आधी ‘आयएसएटीटीवाय’ने विचारायचं, की पलीकडे खरंच टर्मिनल आहे का. असेल तर नवीन रस्ता, नसेल तर जुनंच एफगेट्स. ही तपासणी नसेल तर सकाळच्या अहवालात प्रॉम्प्ट छापून येतात.

टॅबसाठी आपलं फंक्शन नोंदवावं लागतं. लायब्ररी आतापर्यंतचा शब्द देते, आपण जुळणारे पर्याय परत द्यायचे. शेवटी ‘कम्प्लिशन ओव्हर’ हा झेंडा १ करायचा, नाहीतर आपल्याकडे काही जुळलं नाही की ती आपण होऊन फाइलींची नावं सुचवते. आमच्या चाचणीत ‘जावक’नंतर टॅब दाबल्यावर सर्व्हरवरच्या लॉग फाइलींची यादी आली होती आणि मेहताजींनी त्यातली एक निवडलीसुद्धा.

गोदामात बसवल्यावर एक नवीन मागणी आली. तिन्ही शिफ्टचे लोक एकाच लॉगिनने येतात, त्यामुळे वरचा बाण दाबला की रात्रपाळीच्या ओळी. कोणीतरी दुसऱ्याची जावक आपल्या नावावर पुन्हा मारली असती. प्रोग्राम सुरू होताना ऑपरेटर कोड विचारतोच, म्हणून हिस्टरीच्या फाइलच्या नावात तो कोड घातला. मर्यादा ५०० ओळींची, आणि फाइल बाहेर पडताना लिहिण्याऐवजी प्रत्येक एंटरला पुढे जोडायची, कारण इथे खिडकी बंद करून जायची सवय कोणालाच नाही, सगळे सरळ मॉनिटरचं बटण दाबतात. कांदा-बटाट्याच्या एका गाळ्यावर अजून जुनी आवृत्तीच आहे. तिथे नवीन बसवायला त्यांनी हंगाम संपेपर्यंत थांबायला सांगितलंय, तोवर आरएलरॅपवर भागतंय.