नाव कुठं बांधायची?

"समदं झ्याक केलंय, पण नाव कुठं बांधायची?"

आज सकाळी सांगलीत कृष्णेच्या घाटावर जाळं झाडत बसलेल्या मामांनी मला विचारलं. समोर जुन्या पायऱ्या उकरून काँक्रीटची भिंत उभी राहतेय. मी नुकतंच म्हणालो होतो, "घाट आता मजबूत होणार, मामा."

त्यांनी बोट दाखवलं. ढिगाऱ्यातल्या एका काळ्या दगडात लोखंडी कडी होती. आतल्या बाजूनं झिजून निम्मी झालेली. कितीतरी वर्षं दोर तिथंच घासला गेलाय. लहानपणापासून मी त्या पायरीवर बसतोय, आणि ती कडी मला आज पहिल्यांदा दिसली.

मग ते भिंतीकडे वळले. "हिला भोकं ठेवली न्हाईत. पूर उतरला की मागच्या मातीत पाणी अडतंय, आन् ते भिंतीला नदीकडं ढकलतंय."

खरंच की. दगडी घाटाच्या सांध्यांतून ते पाणी झिरपून जायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. एवढा पूर मातीत मुरल्यावर भिंतीवर केवढा रेटा येत असेल!

दुरुस्ती हवीच होती, पायऱ्या खचल्या होत्या. पण रोज पहाटे इथं नाव लावणाऱ्याला कुणी एकदा तरी विचारलं का?

तो दगड मामांनी बाजूला काढून ठेवलाय. उद्या मुकादमाला भेटायला आम्ही दोघं जाणार आहोत. कुणी सोबत येताय?