हेन्सन एएल१३: हँडल लांब, तुरटी गप्प

मर्कूर ३४सी या सुटं, दोन्ही बाजूंना धार असलेलं ब्लेड घालायच्या रेझरवर हात पक्का बसलेला असताना आणखी एक रेझर कशाला, हा प्रश्न घरून आलाच. चेहरा एक आणि रेझर किती, हेही ऐकून घेतलं. तर नवा आलाय तो हेन्सन एएल१३, त्यातला माइल्ड, म्हणजे कातडीला सौम्य असलेला प्रकार. सुरुवातीच्या दाढ्यांची ही नोंद.

३४सी सोलिंगेनचा, क्रोम चढवलेला, आखूड आणि जाडजूड, वजन पंच्याहत्तर ग्रॅमच्या पुढे. एएल१३ कॅनडातल्या विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या मंडळींनी काढलेला, अख्खा ॲल्युमिनियमचा, ३७ ग्रॅम. हातात घेतल्यावर खेळण्यातला वाटतो. ब्लेड घालून आवळला की मत बदलतं. टोपी, ब्लेड आणि खालची प्लेट एकमेकांत इतकी नेमकी बसतात की ब्लेडला इकडेतिकडे सरकायला जागाच उरत नाही. दोन्ही बाजूंची धार सारखी आहे ना हे उजेडात धरून बघायची माझी जुनी खोड आहे. इथेही बघतो, पण निव्वळ खोड म्हणून.

खरी गंमत कोनाची. ३४सी ला कोन आपला आपण शोधायचा असतो: टोपी गालाला टेकवायची, हँडल हळूहळू खाली आणायचं, धार लागली की थांबायचं. माझा हात हँडल बरंच खाली ठेवून, म्हणजे ब्लेडखालच्या पट्टीवर भार देत चालतो. त्याच हाताने एएल१३ फिरवला तर फेस निघतो आणि खुंट जागच्या जागी. याच्या डोक्याचा उतारच असा कापलाय की टोपी आणि पट्टी दोन्ही एकाच वेळी कातडीला टेकल्या की धार साधारण ३० अंशांवर आपोआप येते. त्यासाठी हँडल गालापासून चांगलं लांब धरावं लागतं, इतकं की आधी चुकीचंच वाटतं. बरोबर बसला की कानाला कळतं. खुंट कापल्याची बारीक खरखर सुरू होते, आणि कोन सुटला की आवाज बंद. एक्झॉस्ट फॅन बंद ठेवून दाढी करा, आरशापेक्षा कान जास्त उपयोगी पडतात.

जबड्याच्या वळणावर मात्र हँडल सतत फिरवत राहावं लागतं. नाकाखाली तर कोपर पार वर जातं. यावर मी तोडगा काढलाय तो असा की ओठावरची पट्टी आडवी, बाजूने करतो.

वजनाचं गणितही वेगळं. जड रेझरला आपण नुसती दिशा द्यायची, काम त्याचं वजन करतं. ३७ ग्रॅममध्ये ते होत नाही. हलका हात ठेवायचा पण सोडून द्यायचा नाही. कार्ट्रिजवरून, म्हणजे तयार डोकं बदलायच्या रेझरवरून येणाऱ्याला हा रेझर सोपा जाईल, ३४सी वरून येणाऱ्याला जरा वेळ लागेल, असं माझं मत.

ब्लेडबद्दल जास्त लिहायला हवं, कारण तिथे हा रेझर वेगळा पडतो. डबल एज ब्लेड म्हणजे ०.१ मिमी जाडीचा पत्रा. धारेजवळ तो अधांतरी राहिला की राठ केसाला आपटून थरथरतो, आणि तीच थरथर आपल्याला ‘ओढतंय’ म्हणून जाणवते. एएल१३ ब्लेडला वाकवून धारेच्या अगदी जवळ आवळून धरतो. म्हणून ३४सी मध्ये मला तिखट लागणारं जपानी फेदर इथे चक्क शहाण्यासारखं वागलं. काळ्या पाकिटातलं सेव्हन ओ’क्लॉक रोजच्या दाढीला उत्तम. हिरवं ॲस्ट्रा गालांवर मऊ, पण हनुवटीवर दुसरा हात मारावा लागतो. माइल्ड रेझरमध्ये मऊ ब्लेड घालण्यात फारसा अर्थ नाही, धारदारच घाला.

दोन-तीन दिवसांची दाढी असेल तर दर एक-दोन फटक्यांना रेझर पाण्यात बुडवून हलवावा लागतो. ब्लेड आणि पट्टीमधली फट बारीक असल्यावर हे आलंच. रोज करणाऱ्यांना जाणवणारही नाही.

उन्हाळ्यात आमच्याकडे बोअरचं पाणी येतं आणि साबणाचा फेस धरत नाही. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी संयोग पावून पांढरा चिकट साका करतं. फेस दिसतो भरपूर, पण त्यात चिकटपणाच असतो, निसरडेपणा नाही. हलक्या रेझरला तो निसरडेपणा जास्तच लागतो, नाहीतर डोकं कातडीवर अडखळतं. म्हणून ब्रश भिजवायला आणि वाटीत फेस करायला फिल्टरचं पाणी घेतो. वाटीभर पुरतं. त्यावर चेला कंपनीचा बदामाच्या वासाचा साबण, आणि तेवढ्याने दाढी एकदम घसरत जाते.

आता निकाल. माझ्या डाव्या जबड्याखाली केस खाली न वाढता कानाकडे आडवे वाढतात, आणि आजवर प्रत्येक रेझरने तिथे लाली आणलेली आहे. एएल१३ ने आधी सुलट, मग आडवा हात मारला आणि ओली तुरटी फिरवली, कातडी दुखावली असेल तर ती लगेच चुरचुरते. काही नाही. चुरचुरही नाही. उलटा हात त्या पट्ट्यावर मी मारतच नाही, त्यामुळे बोट वर फिरवलं तर किंचित खरखरीत लागतं. ऑफिसात कोणी बोट फिरवायला येत नाही. ३४सी ने तो पट्टा अधिक गुळगुळीत होतो, पण मग तुरटी बोलते.

पुढे मीडियम प्लेटचा, म्हणजे माइल्डपेक्षा जरा तिखट, कोणाकडचा रेझर दोन दिवस मिळाला तर बघायचंय, हनुवटीचा प्रश्न त्याने सुटावा. तोवर रोज एएल१३, रविवारी निवांत ३४सी. तो विकायला काढलेला नाही, मेसेज करू नका.