"करून दाखवा बरं"

दुपारच्या ओपीडीत पन्नाशीच्या एक बाई फेरतपासणीला आल्या. डोळ्यांत कचकच, संध्याकाळी जळजळ, आणि वर पाणीही गळतं. "पाणी येतंय तर डोळे कोरडे कसे?" हे आम्हाला रोज कोणीतरी विचारतंच. अश्रूंवर पापणीतल्या ग्रंथींतून येणाऱ्या तेलाचा पातळ थर असतो. तो विरळ झाला की पाणी भराभर उडून जातं, डोळा टोचू लागतो आणि मग एकदम पाण्याचा लोंढा येतो. तो गालावरून ओघळतो, डोळ्यावर टिकत नाही.

आधीच्या भेटीत शेक आणि पापण्यांचा मसाज सांगितला होता. "महिनाभर दोन्ही वेळा करतेय, एक दिवस चुकवला नाही," बाई म्हणाल्या. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, मात्र तसं काही दिसेना. फ्लुरोसीन हा तपासणीचा रंग लावून पाहिलं, तर अश्रूंचा थर 4 सेकंदांत फाटत होता. तो निदान 10 सेकंद टिकायला हवा. खालच्या पापणीची कड हलकी दाबली, तर पातळ तेलाऐवजी टूथपेस्टसारखी पांढरी वळी बाहेर आली. नाकाकडच्या काही ग्रंथींतून तर काहीच आलं नाही.

म्हटलं, "काकू, घरी करता तसं इथे करून दाखवा बरं."

त्यांनी डोळे मिटले, मुठी वळल्या आणि झोपेतून उठलेलं पोर चोळतं तसे डोळे गोल गोल चोळायला लागल्या. चांगला जोर लावून.

चूक आमचीच. नुसतं 'मसाज करा' म्हटलं की माणूस चोळणारच. पापणीत तेलाच्या ग्रंथी उभ्या ओळीने असतात, वरच्या पापणीत साधारण 25 ते 40, खालच्या पापणीत थोड्या कमी. त्यांची तोंडं पापणीच्या कडेवर, केसांच्या लगेच मागे. म्हणून वरच्या पापणीवर बोट वरून खाली फिरवायचं, खालच्या पापणीवर खालून वर. गोल चोळून तेल कडेपर्यंत येत नाही, दाब मात्र बुबुळावर पडतो आणि नंतर काही वेळ धूसर दिसतं.

शेकाचंही विचारलं. टॉवेल एकदा गरम पाण्यात पिळून दहा मिनिटं डोळ्यांवर. कापड दोन-तीन मिनिटांत कोमट होतं, पुढचा वेळ फुकट. घट्ट तेल सुटायला पापणीला 40 अंशांच्या आसपास ऊब सलग पाच ते दहा मिनिटं मिळावी लागते. दोन कापडं घेऊन दर दोन मिनिटांनी आलटूनपालटून ठेवायची. कापड आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. तिथे चटका बसला तर पापणीलाही बसेल.

मग त्यांचंच बोट धरून शिकवलं. हात धुतलेले, लेन्स असेल तर काढलेली. डोळा मिटून एका बोटाने बाहेरचा कोपरा कानाकडे जरासा ताणायचा. दुसऱ्या बोटाच्या पेराने सावकाश कडेपर्यंत यायचं, नाकापासून बाहेरपर्यंत पाच-सहा वेळा. डोळ्यांपुढे चांदण्या चमकल्या तर जोर जास्त झाला. शेवटी ओल्या कापसाने केसांची मुळं पुसायची. हे लोक हमखास विसरतात आणि बाहेर आलेलं जुनं तेल डोळ्यात जाऊन झोंबतं.

काचबिंदू, केराटोकोनस (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येणं), नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा लाल, दुखरी पापणी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बोट लावू नये.

चार आठवड्यांनी थर 7 सेकंद टिकला. तेल अजून गढूळ, पण वाहतं होतं. नाकाकडच्या ग्रंथी बंदच राहिल्या. फार काळ तुंबलेली ग्रंथी आकसून जाते, ती परत उघडेलच असं नाही. मसाज एकवेळेवर आणला, शेक दोन्ही वेळा चालू ठेवला.