बंद खोलीतली फेरी

माझ्या बहिणीचा मुलगा गेल्या वर्षी राज्य पातळीवरच्या एका पुरुष सौंदर्यस्पर्धेत उतरला, तेव्हा त्याच्या पारंपरिक पोशाखाची जबाबदारी आपसूकच माझ्याकडे आली. जुन्या नाशकात माझे शिवणाचे छोटे दुकान आहे आणि लग्नसराईत नवरदेवांचे अंगरखे आणि शेरवान्या शिवण्यात माझा बराच वेळ जातो. या स्पर्धांविषयी मला तोवर काहीच माहिती नव्हती. भाचा अंबडच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला जातो आणि दुपारनंतर सिडकोतल्या व्यायामशाळेत घाम गाळतो, एवढेच मला ठाऊक होते. त्याच्यासाठी कापड बेतता बेतता मी या विषयात इतकी गुंतत गेले की आता त्याविषयी चार शब्द लिहावेत असे मनापासून वाटते.

पुरुषांच्या जागतिक स्पर्धा तशा फार जुन्या नाहीत. ‘मॅनहंट इंटरनॅशनल’ 1993 मध्ये सुरू झाली आणि ‘मिस वर्ल्ड’ भरवणाऱ्या संस्थेने ‘मिस्टर वर्ल्ड’ 1996 मध्ये इस्तंबूल येथे पहिल्यांदा भरवली. बेल्जियमचा टॉम नायन्स तिचा पहिला विजेता ठरला. ही स्पर्धा दरवर्षी होत नाही. कधी दोन, कधी तीन, तर 2019 नंतर थेट 2024 मध्ये, अशी तिची चाल राहिली आहे, त्यामुळे एखाद्या मुलाचे उमेदीचे वय नेमके मधल्या रिकाम्या वर्षांत निघून जाऊ शकते. 2006 मध्ये ‘मिस्टर इंटरनॅशनल’ आणि 2016 मध्ये पोलंडात ‘मिस्टर सुप्रानॅशनल’ सुरू झाली. आपल्याकडे जॉन अब्राहम 1999 मध्ये ‘ग्लॅडरॅग्ज मॅनहंट’ जिंकून पुढे आला, हे बहुतेकांना आठवत असेल. हैदराबादचा रोहित खंडेलवाल 2016 च्या जुलैमध्ये इंग्लंडमधल्या साउथपोर्ट येथे ‘मिस्टर वर्ल्ड’ झाला आणि तो मान मिळवणारा पहिला आशियाई ठरला. त्याच पावसाळ्यात आपल्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ रिओच्या ऑलिम्पिकमध्ये नौका वल्हवत होता, म्हणून ते वर्ष माझ्या चांगले लक्षात आहे. पुढे 2018 मध्ये गोव्याच्या प्रथमेश मौळिंगकरने ‘मिस्टर सुप्रानॅशनल’ जिंकली. प्रथमेश मुळात फुटबॉल खेळणारा मुलगा.

लोकांचा समज असा असतो की मुलांनी उघड्या अंगाने मंचावर यायचे, परीक्षकांनी छाती आणि दंड पाहायचे आणि गुण द्यायचे. प्रत्यक्षात पोहण्याच्या पोशाखातली फेरी ही अनेक फेऱ्यांपैकी एक असते. ‘मिस्टर वर्ल्ड’मध्ये खेळाची आणि दमाची कसोटी, कलागुण, फॅशन, समाजमाध्यमांवरचा वावर अशा वेगवेगळ्या उपस्पर्धा होतात, त्यांना फास्ट ट्रॅक म्हणतात, आणि त्यातला विजेता थेट पुढच्या टप्प्यात जाऊन बसतो. रोहितने तशी मल्टिमीडियाची उपस्पर्धा जिंकली होती. इतर स्पर्धांत राष्ट्रीय पोशाख, औपचारिक सूट, परीक्षकांसमोरची मुलाखत आणि शेवटी उरलेल्या मोजक्या मुलांना मंचावर विचारला जाणारा प्रश्न, असा साधारण क्रम असतो.

माझ्या बहिणीचा विरोध अर्थातच पोहण्याच्या पोशाखाला होता. तिला मी एकच सांगितले, की आपले आजोबा लंगोट लावून आखाड्यात उतरत आणि सगळा गाव कौतुकाने पाहत असे, तेव्हा घरातल्या कोणाला लाज वाटली नव्हती. ती गप्प झाली, पण माझी खरी काळजी निराळीच होती. त्या फेरीआधी स्नायू ठसठशीत दिसावेत म्हणून मुले मीठ सोडतात आणि पाणी तोडतात. माझा भाचा स्पर्धेच्या आठवड्यात पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढत असताना निम्म्या वाटेवर त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो कठड्याला धरून खाली बसला. बरोबरच्या मित्राने त्याला मीठ-साखर घातलेले पाणी पाजले. त्या दिवसापासून मी त्याच्या तांब्याकडे लक्ष ठेवू लागले. पाण्यावाचून सुकवलेल्या शरीराला चमक येते आणि त्याच शरीराला दुसऱ्या दिवशी धड उभे राहता येत नाही, हे व्यायामशाळांतल्या मुलांना कोणीतरी घरचे माणूस म्हणून सांगायलाच हवे.

पोशाखाची फेरी मात्र माझ्या अधिकारातली होती आणि तिच्यावर मी जीव ओतला. पांढरे धोतर, मोरपंखी अंगरखा, डोक्यावर फेटा आणि खांद्यावर येवल्याहून मागवलेला पैठणीचा शेला, असा बेत ठरला. फेट्याला साधारण 8 ते 9 मीटर कापड लागते आणि ते डोक्यावर पाऊण तास नीट राहायचे असेल तर तयार शिवलेला फेटा चालत नाही, तो बांधूनच घ्यावा लागतो. रोज रात्री आमच्या गच्चीवर तो चालायचा सराव करी. धोतराचा सोगा पायात येऊ नये म्हणून मी काष्ट्याच्या आत पट्टी टाचली आणि शेला घसरू नये म्हणून अंगरख्याच्या खांद्याला आतून दोन टिचबटणे लावली. शेल्याच्या पदरावर बांगडी-मोर होते. बांगडीच्या वर्तुळात मोर बसवलेला हा नक्षीप्रकार खऱ्या हातमागाच्या पैठणीत दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, म्हणून वाऱ्याने शेला उलटला तरी काही बिघडणार नाही, असा माझा हिशेब होता.

प्रत्यक्षात मी प्रेक्षकांत दहाव्या रांगेत बसले होते आणि तिथून तो मोर मला दिसला नाही. दिव्यांच्या झोतात जर लखलखली, बाकी सगळा पदर एक सोनेरी पट्टा वाटला. शेजारच्या मुलाने पाठीला बांबूचे मोठे पंख लावले होते, त्याला टाळ्या जास्त मिळाल्या. जागतिक स्पर्धांतही पोशाख दिवसेंदिवस उंच आणि अवजड होत चालले आहेत, कारण ते लांबून आणि कॅमेऱ्यातून दिसावे लागतात. बारीक विणकामाची कदर त्या अंतरावरून होत नाही, हे मला शिवणकाम करणारी बाई म्हणून लागले, आणि अजून लागते.

परंतु भाचा बाद झाला तो पंखांमुळे नव्हे. आदल्या दिवशी बंद खोलीत मुलाखतीची फेरी झाली होती. ती प्रेक्षकांना दिसत नाही, तिचे फोटो निघत नाहीत, त्यामुळे तिची तयारी कोणी मनावर घेत नाही. परतीच्या वाटेवर कसारा घाट चढेपर्यंत तो गप्प होता आणि इगतपुरी मागे पडल्यावर त्याने सांगायला सुरुवात केली. एका परीक्षक बाईंनी त्याच्या पोशाखाचा फोटो पुढे ठेवून विचारले होते, “हा शेला कोणी विणला?” तो म्हणाला, “माझ्या मावशीने.” त्यांनी पुढे विचारले की एवढा पदर विणायला किती दिवस लागतात आणि हे मोर मागावर कसे काढतात. त्याला उत्तर येईना. मग त्याने महाराष्ट्राच्या वैभवशाली वारशाविषयी पाठ केलेली चार इंग्रजी वाक्ये म्हणून दाखवली आणि बाईंनी मान हलवून कागदावर काहीतरी लिहिले.

हे ऐकून मला फार वाईट वाटले, कारण चूक माझी होती. मी शेला विणत नाही, मी तो व्यापाऱ्याकडून विकत घेतला होता, आणि तो कोणाच्या हातचा आहे हे मी स्वतःही विचारले नव्हते. त्याच्या अंगावर मी चार महिन्यांचे काम चढवले आणि त्याविषयी बोलायला एक वाक्यही दिले नाही.

त्यानंतर मी जागतिक विजेत्यांची माहिती चाळू लागले, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. ‘मिस्टर इंटरनॅशनल’चा 2014 चा किताब जिंकणारा फिलिपिन्सचा नील पेरेझ हा पोलीस दलातला माणूस आहे आणि 2024 मध्ये ‘मिस्टर सुप्रानॅशनल’ जिंकणारा दक्षिण आफ्रिकेचा फेझिले म्खिझे हा डॉक्टर आहे. देखणी शरीरे तिथे सगळ्यांचीच असतात. या माणसांना आपण रोज काय करतो हे सांगता येत असणार, असे मला वाटते, आणि मुलाखतीत ते सांगणेच कामी येत असावे. भाषेची अडचणही आपल्या मुलांना वाटते तेवढी मोठी नाही. अनेक जागतिक स्पर्धांत दुभाष्या घेऊन आपल्या भाषेत उत्तर देण्याची मुभा असते. माझा भाचा यंत्रावर रोज काय घडवतो हे मराठीत इतके सुरेख सांगतो की ऐकत राहावे, आणि त्याच मुलाला आम्ही सगळ्यांनी मिळून इंग्रजी वाक्ये घोकायला लावली होती.

यंदा तो पुन्हा उतरणार आहे. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी त्याला घेऊन येवल्याला गेले. नाशकापासून ते सुमारे 80 किलोमीटर आहे. व्यापाऱ्याकडून पत्ता काढून आम्ही थेट त्या विणकराच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत माग होता आणि त्यावर एक पदर अर्धा विणून झालेला होता. ताण्याच्या धाग्यांवर वेगवेगळ्या रंगांच्या रेशमाच्या लहान लहान कांड्या लोंबत होत्या आणि मोराच्या मानेपाशी विणकर एकेक कांडी उचलून दोन-चार धाग्यांतून काढत, शेजारच्या रंगात गुंतवत आणि परत खाली सोडत होते. भाचा मागाशेजारी जमिनीवर बसला. सकाळपासून किती झाले, असे त्याने विचारले, तेव्हा त्यांनी पदरावर हात आडवा ठेवून चार बोटे दाखवली.

“तिथं स्टेजवर हे किती वेळ दिसतं?” त्यांनी विचारले.

“पंधरा-वीस सेकंद,” भाचा म्हणाला.

त्यांनी काही न बोलता पुढची कांडी उचलली. भाचा दुपारच्या जेवणापर्यंत तिथून हलला नाही.

येताना विंचूर सोडल्यावर मी त्याला परीक्षक बाईंचा तोच प्रश्न मराठीत विचारला. त्याने आधी विणकरांचे नाव सांगितले, मग आतल्या खोलीत बसून दिवसभर कांड्या भरून देणाऱ्या त्यांच्या पत्नीचे, आणि निफाड येईपर्यंत तो बोलत होता.