गच्चीवरच्या वांग्यांना समुद्राचं शेवाळ

डिसेंबरात मढला गेलो, तेव्हा ओहोटीला खडकांपाशी तपकिरी शेवाळाचा ढीग लागला होता. बारीक हवेचे फुगे असलेलं, म्हणजे सारगॅसम. दोन गोणपाटं भरून बोरिवलीला आणलं. खडकाला चिकटलेलं मात्र मी कधीच उपटत नाही. त्यात माशांची पिल्लं, खेकडे राहतात. लाटेनं टाकलेलं तेवढंच घ्यायचं.

घरी पहिलं काम म्हणजे प्लास्टिक आणि जाळ्याचे दोरे वेचणं. मग बादलीत तीन पाणी देऊन धुतलं. शेतातल्या जमिनीतलं मीठ पावसाळा धुऊन नेतो, कुंडीत ते साठत जातं, म्हणून इथे आळस नको.

वांगी आणि मिरचीच्या कुंड्यांत चार बोटं जाड थर दिला, खोडापासून थोडा लांब. आठवड्यात वाळून तो कागदासारखा पातळ झाला, म्हणून वर पुन्हा घातला. शेवाळातल्या अल्जिनेट या चिकट पदार्थामुळे माती ओल धरते. रोज पाणी मागणारी मिरची आता एक दिवसाआड भागवते, ही मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. गवताचं बी नाही, लाकूडपणा नाही, त्यामुळे कुजतंही भरभर. पालाश (पोटॅशियम) भरपूर, स्फुरद (फॉस्फरस) कमी. म्हणून जोडीला मूठभर बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा.

खाडीच्या किंवा नाल्याच्या तोंडाजवळचं शेवाळ मी भाजीला घालत नाही. पाण्यातले जड धातू ते शोषून घेतं.

उरलेलं ड्रममध्ये भिजत घातलंय. वास येतो, झाकण घट्ट ठेवलंय. महिन्याभराने दहापट पाण्यात मिसळून टोमॅटोला देणार.