गोजेकच्या खाड्या, शिडाची बोट आणि टाकीचा वास

तुर्कस्तानातल्या गोजेकला शिडाची बोट भाड्याने घेऊन हिंडणारे पाण्याच्या रंगावर, पाइनच्या झाडांवर आणि वांग्याच्या नाना प्रकारांवर भरभरून लिहितात. त्यातलं काहीही खोटं नाही. बोटीवरच्या संडासाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे.

मुंबईहून इस्तंबूल, तिथून विमानाने दालामान आणि पुढे टॅक्सीने अर्ध्या तासात गोजेक. फेथिये-गोजेकचा हा किनारा १९८८पासून संरक्षित क्षेत्र आहे. मैला समुद्रात सोडायचा नाही; तो बोटीवरच्या टाकीत साठवायचा आणि मरिनात, म्हणजे बोटी लावायच्या बंदरात, उपसून द्यायचा. किती दिला त्याची नोंद 'मावी कार्ट' नावाच्या कार्डावर होते. नियम उत्तम आहे, खाड्यांचं पाणी आजही तळ दिसेल इतकं स्वच्छ आहे. पण सप्टेंबरच्या उन्हात भरलेली टाकी बरोबर घेऊन फिरायचं म्हणजे वास आलाच.

सार्साला खाडीत मुक्काम होता त्या रात्री पुढच्या केबिनमधली मंडळी उशा घेऊन डेकवर आली. इथल्या खाड्यांत नांगर पुढे टाकून बोटीची मागची बाजू दोराने किनाऱ्याला बांधतात. मोकळ्या नांगरावरची बोट वाऱ्याकडे तोंड करते, ही करत नाही. रात्री डोंगरावरून उतरणारा वारा मागून येतो आणि टाकीतली हवा बाहेर सोडणाऱ्या हवानळीचा वास थेट पुढच्या झरोक्यात ढकलतो. तेवढ्यापुरता उपाय सोपा: वास येत असलेल्या बाजूचे झरोके रात्री बंद, दुसऱ्या बाजूचे उघडे.

मूळ दुखणं वेगळं होतं. टाकीत हवा खेळती असेल तर हवेवर जगणारे जिवाणू मैला कुजवतात आणि फारसा वास येत नाही. हवा कोंडली की दुसऱ्या जातीचे जिवाणू माजतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, तोच सडक्या अंड्यांचा वास. संडासात फ्लशला समुद्राचंच पाणी येतं आणि त्यात लिटरमागे अडीच ग्रॅमहून जास्त सल्फेट असतं, ते त्यांचं खाद्यच. आमच्या बोटीची हवानळी बोटाएवढी बारीक, तिच्या तोंडाच्या जाळीवर मिठाचा थर. बोट एका अंगावर कलली की नळीचं तोंड पाण्याखाली जातं, मग मीठ साचणारच. आमच्या स्किपरने डेकवरचं टाकीचं झाकण आधी हळूच सैल केलं (सुसकारा आला, तोंड लांब ठेवा, आत वाकून तर अजिबात बघू नका), मग तारेने जाळी मोकळी केली आणि डिंगी (छोटी रबरी होडी) फुगवायचा पायपंप नळीच्या तोंडाला फडक्याने घट्ट धरून हवा मारली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत निम्म्याहून जास्त फरक पडला.

तेव्हा बोट ताब्यात घेतानाच एकाला संडासाचा पंप मारायला सांगा आणि स्वतः बाहेर हवानळीच्या तोंडाशी ओला हात धरा. फुंकर लागली पाहिजे. कंपनीचा माणूस शिडं आणि इंजीन दाखवण्यात तास घालवेल, हे आपणहून दाखवणार नाही.

सकाळी पहिल्यांदा पंप मारल्यावर येणारा भपका मात्र टाकीचा नसतो. फ्लशचं पाणी आत आणणाऱ्या नळीत रात्रभर अडकलेल्या समुद्राच्या पाण्यातले सूक्ष्म जीव मरून कुजतात, त्याचा तो. निजण्यापूर्वी भांड्यातलं पाणी पूर्ण उपसा, तांब्याभर गोडं पाणी ओता आणि तेही पुढे ढकला. पाणी आत आणणाऱ्या नळीपर्यंत ते पोचत नाही, पण भांडं आणि टाकीकडे जाणारी नळी धुतली जाते. पंप मारण्यात कंजुषी नको: टाकीकडे जाणाऱ्या ३८ मिमीच्या नळीत मीटरमागे लिटरहून थोडा जास्त ऐवज राहतो, तो टाकीत पोचला नाही तर नळीतच मुरतो. नळी मुरली आहे का हे बघायला गरम पाण्यात पिळलेलं फडकं तिच्यावर गुंडाळा आणि गार झाल्यावर हुंगा. फडक्याला वास आला तर नळी बदलण्यावाचून इलाज नाही, आणि ते काम भाडेकरूचं नव्हे.

आपल्या लोकांचा पाण्याचा वापर इथे पथ्यावर पडतो. बेसिनचा शॉवर ओढून घेतला की काम होतं आणि कागदाने पंप तुंबत नाही. टाकी लवकर भरते, एवढाच तोटा.

ब्लीच टाकू नका. रबरी झडपा खराब होतात आणि कामाचे जिवाणूही मरतात. सुगंधी निळी औषधं मला तरी निरुपयोगी वाटली. गुलाबाच्या वासात मिसळलेला तो वास जास्त असह्य. नायट्रेट असलेली पावडर मिळाली तर घ्या, कारण जिवाणू सल्फेटच्या आधी नायट्रेट वापरतात.

उपसा झाल्यावर टाकीत गोडं पाणी भरून पुन्हा एकदा उपसायला सांगा. तळाचा गाळ त्याशिवाय निघत नाही. बहुतेक बोटींचे भाडेकरू शनिवारी बदलतात, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी पंपाच्या धक्क्यावर रांग लागते. दुपारच्या जेवणाआधीच तिथे पोचा.